हिरव्या फितीचा मान

३ फेब्रुवारी
आरोग्य संशोधनाच्या परिषदेत माझं पोस्टर घेतलं! विषय: दवाखान्यातले कर्मचारी हात का धूत नाहीत. दोनशे बारा प्रश्नावल्या पोस्टाने पाठवून भरून घेतल्या. निष्कर्ष: जागरूकतेचा अभाव. आईला फोन केला. तिने विचारलं, नोकरी पक्की कधी होणार. आईला विज्ञानातलं कळत नाही.
संकल्प: दहा मोठ्या माणसांशी ओळख. या क्षेत्रात आपल्याला कुणीतरी आपलं म्हणायला हवं. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, लोकांत मिसळ. सर स्वतः मला लिफ्टमध्ये ओळखत नाहीत, पण ते कामात असतात.

१७ फेब्रुवारी, सकाळी ८
परिषदेच्या नोंदणी-यादीत माझं नाव सापडेना. टेबलामागच्या ताईंनी वैतागून खोक्यातून एक हिरवी फीत काढली आणि माझ्या गळ्यात घातली. बाकी सगळ्यांच्या निळ्या. म्हणजे हिरवी निवडक लोकांनाच. मिरवणं माझ्या स्वभावात नाही. जॅकेटची चेन तेवढी उघडी ठेवली. फितीवर काहीतरी छापलंय, घोषवाक्य असावं. चष्मा बॅगेत आहे. चष्म्यात फोटो चांगले येत नाहीत.

११ वाजता
चौदा जण आपणहून बोलायला आले! एका ज्येष्ठ प्राध्यापिकेने हॉल तीन कुठे ते मलाच विचारलं. एका नामवंत डॉक्टरांनी माझा चार्जर नेला. असे संबंध आयुष्यभर टिकतात.

दुपारी ४
दोन ते तीन पोस्टरपाशी थांबायचं होतं. जमलं नाही. व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्या, त्या मीच आणाव्यात असा आग्रह झाला. पहिल्याच परिषदेत व्यासपीठावर! सरांनी मला नक्की ओळखलं. नाहीतर एवढ्या लोकांत पाण्याची बाटली माझ्याकडेच का मागितली असती?

१८ फेब्रुवारी
आणखी आठ हिरव्या फितीवाले सापडले. सगळे विशीतले. विज्ञान आता तरुणांच्या हाती आहे. त्यांच्यातल्या लंबूने जागा धरून मला जेवायला बसवलं. पेपर किती छापून आले, असं कुणी विचारलं नाही. पोट दुखेपर्यंत हसलो. खरं सांगायचं तर इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी
सकाळी चष्मा लावला. फितीवर 'स्वयंसेवक' असं छापलंय. काढणार होतो, पण लंबूने जेवायची जागा धरली होती.
समारोपानंतर आम्हाला पोस्टरं उतरवायला सांगितलं. शहाण्णव नंबर माझा, खांबामागे. समोर फरशी पुसणाऱ्या मावशी मॉप टेकवून अख्खं पोस्टर वाचत होत्या. तीन दिवसांत पहिल्याच. हे कुणाचं, म्हणाल्या. माझं, म्हटलं. त्या दवाखान्यांत बेसिनला पाणी होतं का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, तो प्रश्न प्रश्नावलीत नव्हता. साबण? तोही नव्हता. मग त्यांनी मला पाय उचलायला सांगितलं, फरशी ओली होती.
बाईंना संशोधनाची पद्धत माहीत नाही.

२१ फेब्रुवारी
दोन मेल. एक: पोस्टरपाशी गैरहजर, सबब प्रमाणपत्र नाही. दुसरा: उत्कृष्ट स्वयंसेवक. आईला दुसरा दाखवला. तिने विचारलं, ही तरी पक्की आहे का.

२२ फेब्रुवारी
सहज, केवळ मावशींचं खोडून काढायला, एका दवाखान्यात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, सात महिने नळ कोरडा आहे. आम्ही सगळ्यांनी फॉर्मच्या मागे लिहिलं होतं, तुम्ही वाचलं नाही का?
मी फक्त पुढची बाजू स्कॅन केली होती.
कपाटातून गठ्ठा काढून पालथा केला. सर्वात वरच्या कागदावर निळ्या पेनाने लिहिलंय: पाणी येत नाही, कृपया वर कळवा.
कळवलं की मी. जागरूकतेचा अभाव.