सरावाचा शेवटचा गेम

वारजे, पुणे
रविवार, २३ एप्रिल २००६

आदरणीय बाबांना,
नीरजाचा सविनय जयभीम.

तब्येत बरी असेल. बीपीची गोळी वेळेवर घेता ना? आत्याला विचारलं तर ती तुमचीच बाजू घेते, म्हणून तुम्हालाच विचारते. इकडे उन्हाने जीव नकोसा झालाय. संध्याकाळी भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, आणि सोसायटीत टँकर आला की नळावरच्यापेक्षा मोठी भांडणं होतात. फ्लॅटमध्ये राहणारी माणसं भांडत नाहीत असं तुम्हाला वाटायचं, म्हणून कळवलं.

चौदा एप्रिलला अकोल्याला येते म्हणाले होते आणि आले नाही. त्याचा राग आला असेल. का आले नाही ते पुढे सांगते.

काल फोन केला होता. सुंदराआत्याने उचलला. म्हणाली, "दादाले फोनवर काही ऐकू नाही येत वं माय, तू लिहूनच धाड." एका परीने बरंच झालं. हे मला ओरडून सांगता आलं नसतं.

तिकडच्या पेपरात आलंच असेल की फेड कपमध्ये आपल्या मुली उझबेकिस्तानकडून हरल्या. आमच्याकडच्या पेपरात चार ओळी आल्या, त्यातली एक "तिसऱ्या सेटमध्ये पूर्वाची दमछाक" अशी. दमछाक वगैरे काही झाली नव्हती. आपली पूर्वा अजून तीन सेट खेळली असती. लिहिणारा सावलीत बसला होता, त्याचीच झाली असेल.

चौदा तारखेचं असं झालं. उझबेकिस्तानची पहिल्या नंबरची मुलगी डावखुरी. आपल्या चौघींच्या संघात एकही डावखुरी नाही. कॅप्टन मॅडमना सरावाला कुणीतरी डावखुरी हवी होती आणि पूर्वाने माझं नाव दिलं. मी म्हटलं, अगं, मी सहा वर्षांत शनिवार-रविवार सोडून रॅकेट धरली नाही. ती म्हणाली, "ताई, तुझी सर्व्हिस अजून तशीच वाकडी येते, तेवढं बास." ऑफिसात रजा मागितली तर आमचा मॅनेजर साई म्हणतो, "रिलीजच्या आठवड्यात तू टेनिस खेळणार? कशासाठी? देशासाठी?" मी हो म्हटलं. त्याला तो विनोद वाटला, म्हणून रजा मिळाली.

त्या मुलीच्या मॅचेसची सीडी मला दिली होती. ती लॅपटॉपवर लावून मी तिची सर्व्हिस, तिची चाल, तिचं पॉइंटनंतर पाठ फिरवून रॅकेटच्या तारा चाचपत उभं राहणं, सगळं शिकले. आठवडाभर मी उझबेकिस्तान होते. बालेवाडीला सकाळी उन्हं चढायच्या आत दोन सेट, संध्याकाळी दोन. बाकीच्या मुलीसुद्धा मला त्या मुलीच्या नावाने हाक मारायच्या. मजा वाटली, खोटं कशाला बोलू? माझा डावा हात आजी पाटीवर आपटायची आणि तुम्ही तिच्याशी भांडून तो तसाच ठेवलात. त्या हाताचा कुणाला तरी उपयोग झाला.

पूर्वा छान खेळत होती. रोज माझ्याशी झगडत होती, कधी ती जिंकायची, कधी मी. आणि बाबा, तुम्हाला बघायला मिळायला हवं होतं. तिच्या पाठीवर देशाचं नाव होतं. क्लबात तुम्हाला "तुम्ही कुठले?" असं विचारणाऱ्या त्या बायका आठवतात ना? त्यांतल्या एक आता म्हाताऱ्या होऊन स्टँडमध्ये बसल्या होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या की आमच्या डोळ्यांसमोर वाढली ही पोर. त्यांना दोन शब्द ऐकवायला हवे होते असं आता वाटतं, पण तेव्हा कंटाळा आला होता.

इथपर्यंत सगळं नीट लिहिलं. पुढचं लिहायला मघापासून दोनदा चहा करून झाला.

शिबिरात एक पद्धत आहे. मॅचच्या आदल्या दिवशी सरावाचा शेवटचा गेम खेळणाऱ्या मुलीला जिंकू द्यायचा. जिंकूनच तिने कोर्टावरून उतरायचं, म्हणजे मनाने ती मॅचमध्ये तशीच उतरते. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. शुक्रवारी मॅडमनी मला नुसती मान हलवून खूण केली. सर्व्हिस माझी होती. मी दोन रॅली लांबवल्या, एक चेंडू बाहेर मारला आणि शेवटी दोन्ही सर्व्हिस नेटच्या पट्टीवर घातल्या. मला वाटलं, छान जमलं.

पूर्वा जागची हलली नाही. मग बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "ताई, सोलापूरला पण तू अशीच सर्व्हिस घातली होतीस."

विचारलं नाही तिने. सांगितलं. मी तेव्हाच हसून, वेडी आहेस का, असं म्हटलं असतं तर निभावलं असतं. मी बाटलीचं झाकण लावत बसले, आणि ते झाकण किती वेळ लावायचं यालाही मर्यादा आहे.

तिने एवढंच विचारलं, "बाबांनी सांगितलं होतं?"

मी "हो" म्हणाले.

बारा वर्षांत आपण दोघं यावर कधी बोललो नाही. तुम्ही विसरला असाल असंही मधे मधे मला वाटायचं. सोलापूरची ती सोळा वर्षांखालच्या मुलींची राज्य स्पर्धा, फायनलला आपल्याच घरातल्या दोघी, आणि जिंकेल तिला राष्ट्रीय शिबिरात जागा. लोक तुमचं अभिनंदन करत होते. तुम्ही मला लॉजच्या जिन्यात बाजूला घेतलंत आणि म्हणालात, "नीरू, तुझं डोकं अभ्यासात चालतं. तिला दुसरं काही नाही. आज तिला जाऊ दे. आपल्यातली एक तरी देशाचा शर्ट घालून उभी राहू दे." तुमचा हात माझ्या डोक्यावर होता. मी तिसऱ्या सेटमध्ये पाच-दोनने पुढे होते आणि तिथून हरले.

तुमचा हिशेब चुकला असं मी म्हणत नाही. ती खरंच तो शर्ट घालून उभी राहिली. मी इंजिनियर झाले, माझं घर झालं, गुडघे शाबूत राहिले. सगळं तुम्ही म्हणालात तसंच झालं. पण मला वाईट वाटलं होतं, बाबा. अजून वाटतं. तेव्हा तुम्ही मला सांगितलंत, विचारलं नाहीत.

आता कालचं. दोन सिंगल्स आणि एक डबल्स, त्यातली पहिली सिंगल्स आपण जिंकलो होतो. पूर्वा जिंकली असती तर तिथेच सगळं संपलं असतं. तिसऱ्या सेटला चार-चार झालं, सर्व्हिस त्या मुलीची. आणि तिने ब्रेक पॉइंटला दोन्ही सर्व्हिस नेटमध्ये घातल्या. ती मुलगी खरोखर चुकली होती, कपाळाला हात लावून उभी होती. स्टँड उठून ओरडायला लागला. पूर्वा पाच-चारने पुढे, आता फक्त स्वतःची सर्व्हिस राखायची आणि मॅच खिशात.

तिने वळून माझ्याकडे बघितलं.

मॅडम खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसून तिला काहीतरी समजावत होत्या. ती त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडेच बघत होती. ती कशाचा विचार करते आहे हे त्या सबंध स्टेडियममध्ये एकट्या मला कळत होतं, आणि मला तिथून काही करता येत नव्हतं. पुढचे तिन्ही गेम तिने घालवले. नंतर डबल्सही गेली.

ती माझ्याकडेच आहे. कालपासून आतल्या खोलीत पडून आहे. फोन बंद ठेवलाय. आत्याने केला असेल तर म्हणूनच लागला नाही. आज दुपारी जेवताना बोलली. म्हणाली, "ताई, त्यानंतर मी जे जे जिंकले त्यातलं माझं किती ते मला कळत नाही." मी म्हटलं, बारा वर्षं काय सगळ्या जगाने तुला मॅचेस सोडल्या? ती म्हणाली, "पहिली तर सोडली ना. शिबिरात जागा तिच्यामुळे मिळाली, पुढचं सगळं शिबिरामुळे."

याचं उत्तर तुमच्याकडे असलं तर तुम्ही द्या.

तिचं म्हणणं एकच आहे. आम्ही दोघींनी परत खेळायचं. पूर्ण तीन सेट, कुणी काही सोडायचं नाही, आणि तुम्ही समोर बसलेले पाहिजेत. "हरले तरी चालेल, पण माझं काय ते मला कळू दे," म्हणते. पुढच्या महिन्यात परदेशातल्या स्पर्धांसाठी संघ निघतोय. मॅडमना होकार द्यायचाय. हे झाल्याशिवाय ती रॅकेटला हात लावणार नाही, आणि तुम्हाला तिचा हट्ट माहीत आहे, तुमच्याकडूनच आलाय.

मला खरं तर आता खेळायचं नाही, बाबा. आठवडाभर दुसऱ्याच्या वतीने खेळून अंग मोडून आलंय. उद्या ऑफिस आहे. मला नुसतं झोपायचंय, कुणी काही सांगू नये आणि कुणी काही विचारू नये.

पण दुपारपासून मी तिच्या बॅकहँडचा विचार करते आहे. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. कुठे टाकला की तिला वळायला वेळ लागतो ते आठवडाभर जवळून बघितलंय. मला जिंकायचंय. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते आहे, पण खरं आहे ते लिहिते.

तेव्हा महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढा आणि या. आत्याला सोबत आणा. कोर्ट मी बघते. या वेळी दोघींपैकी कुणालाही बाजूला घेऊ नका. तुमची एक मुलगी तुमच्या डोळ्यांदेखत हरणार आहे. कुणी हरायचं ते ठरवू नका, नुसतं बघायला या.

वाट बघणारी,
तुमची थोरली
नीरजा