रेषेच्या आतली दरड

मिस्त्री,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी अजून तुम्ही शिकवलेल्या लेथवरच आहे, फक्त रविवारी सकाळी नदीवर जाऊन पाखरं मोजतो. हे ऐकून तुम्ही आधी काय विचारलं असतं ते मला ठाऊक आहे, "आणि त्या दिवसाची हजेरी कोण देतंय?" कोणी देत नाही. पाऊस संपून पंचगंगेचं पाणी उतरलं की गावाबाहेरच्या वळणावर मातीची दरड उघडी पडते. सरळ भिंतीसारखी, दीड पुरुष उंच. त्या दरडीत पाकोळ्या येतात. चिमणीपेक्षा लहान, राखी-तपकिरी रंगाच्या. चोचीनं आणि नखांनी माती उकरून त्या हातभर खोल बिळं पाडतात. एका जोडीला एक बीळ, पण सगळ्या जोड्या एकाच जागी, चाळीतल्या खोल्यांसारख्या. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांची अंडी-पिल्लं तिथंच असतात. आपल्या भागात अशा वस्त्या आणखी कुठं असतील तर मला माहीत नाहीत. मला हे एक वळण माहीत आहे, आणि त्याची नोंदवही माझ्याकडं आहे.

बघणाऱ्याला वाटतं, यात काय अवघड? भोकं दिसतात, मोजली, झालं. आमच्या पक्षीमंडळानं पहिली दोन वर्षं तसंच केलं होतं. मंडळ चालवणाऱ्या बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, आणि मी नववी नापास, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तरी मीच त्यांना सांगितलं, बाई, यातली निम्मी भोकं गेल्या सालची आहेत. चालू बिळाच्या तोंडाशी नखांचे ताजे ओरखडे असतात आणि खाली एका रंगाचा ओलसर भुगा पडलेला असतो, बोरिंग करताना पडतो तसा. जुन्या बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं असतं. पण मी नुसत्या खुणांवरही जात नाही. ऊन दरडीवर आलं की समोरच्या काठावर बसायचं, आणि अर्धा तास कुठल्या बिळात पाखरू शिरतं ते कागदावरच्या नकाशात टिपायचं. असं तीनदा. तीन आकडे जुळले नाहीत तर त्या दिवशीची नोंद धरायची नाही. बाईंनी विचारलं, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली? मी म्हणालो, लेथवर नगाला पाडलेलं भोक, म्हणजे बोअर, तोंडाशी, मध्यावर आणि बुडाशी असा तीन ठिकाणी मोजायचा असतो. त्या हसल्या, पण त्या दिवसापासून वही माझ्याकडं आली. पाखरांची पुस्तकं मी नंतर वाचली, डिक्शनरी मांडीवर घेऊन. मला कोणी शिकवलेलं नाही, असं मी मंडळात अभिमानानं सांगतो. ते खोटं आहे, हे लिहिताना कळतंय.

बोअरच्या आत बघायला तुम्ही मला दिलेला दांडीचा आरसा अजून आहे. रुपयाएवढा, एका कडेला पारा उडालेला. तुमच्या घरी, स्वयंपाकघरात, जेवायला बसवून दिला होतात. काकी भाकरी थापत होत्या आणि तुम्ही खिशातला व्हर्नियर काढून ताटातल्या भाकरीची जाडी घेत होतात. अडीच मिलिमीटर, मधे तीन. काकी तव्यावरनं नजर न काढता म्हणाल्या, "मोजून झालं आसलं तर खावा आता. पोटात गेल्यावर समद्या एकाच मापाच्या हुत्यात." तुम्ही माझ्याकडं बघून डोळा मारलात आणि तो आरसा माझ्या पाटाशेजारी ठेवलात.  त्या आरशानं मी उन्हाची तिरीप बिळात सोडतो. हातभर आत गवताची आणि पिसांची गादी दिसते, आणि कधी तिच्यावर तीन पांढरी अंडी. पुढं मी मोबाईलला जोडायचा वायरचा कॅमेराही बसवला, पण आधी आरसा लावतो.

आणि तो बुश आठवतो, मशिनीच्या दांड्यावर बसणारं ते पितळी कडं. माझं दुसरं वर्ष. तुम्ही जेवायला गेलाय, मी लेथवर एकटा आहे, आणि शेवटचा कट जादा घेतला जातो. बोअर मोठा झाला. आपल्या दुकानातल्या पितळेचा असता तर इतकी भीती वाटली नसती, पण तो गिऱ्हाइकानं स्वतः आणून दिलेल्या पितळेचा होता. मी तो भंगाराच्या पिंपात, लोखंडाच्या किसाखाली, खोल दाबला.  तुम्ही आलात, मापाचा कागद बघितलात, नग मोजलात, आणि सरळ पिंपात हात घातलात. बुश रॉकेलमध्ये धुतलात, फडक्यानं पुसलात आणि गिऱ्हाइकांचा चहा ठेवायच्या टेबलावर मधोमध ठेवलात. आठ दिवस तो तिथं होता. येणारा प्रत्येक जण उचलून बघायचा. आठव्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "चुकी कुणाकडनं होत न्हाय? पण लपवलेली चुकी दुसऱ्याच्या मशिनीत जाऊन बसत्या." आता मुद्द्याचं सांगतो.

वळणाच्या वरच्या शेताची माती एका वीटभट्टीवाल्यानं घेतली आहे. पाकोळ्यांचा हंगाम तोच भट्टीचा हंगाम, आणि पाकोळ्यांना आवडते तीच गाळाची माती विटेला लागते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी त्याच्याकडं गेलो. वयानं माझ्याएवढाच, बोलायला मोकळा. त्याला आरशातनं अंडी दाखवली. तो गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पावणं, चार म्हयन्यात माती काय पळून जात न्हाय. होळीपतोर तेवढा तुकडा सोडतो. पण कुठनं कुठवर, ते आमच्या माणसाला दिसाय पाहिजे." मी म्हणालो, ते माझ्यावर सोडा.

मी तो तुकडा आखला. सुतळी ताणली, काटकोन धरला, दरडीच्या वरच्या सपाटीवर चाळीस फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी पांढऱ्या फक्कीची चौकट काढली. एक बाजू नदीची, ती सोडून तीन रेघा. इतकी सरळ रेघ त्या शेतानं बघितली नसेल. ओतीव कास्टिंगवर आपण खडू लावून मार्किंग करतो तशीच. रेषेच्या आतलं ठेवायचं, बाहेरचं काढायचं. हे सांगावं लागतं असं मला वाटलंही नाही, कारण तीस वर्षांत मला कुणी ते विचारलेलं नाही.

माघ महिन्यात एका रविवारी मी वही घेऊन गेलो तर समोर दरड नव्हती. चाळीस फुटांचा खड्डा होता, आठ फूट आत. बाहेरच्या मातीला धक्का नव्हता. पाकोळ्या हवेत होत्या, दरड जिथं होती तिथवर येत होत्या आणि परत फिरत होत्या, पुन्हा येत होत्या. भट्टीवाला नेसरीला लग्नाला गेलता. जेसीबीवाला कबनूरकडचा, नवा होता. तो खाली उतरला आणि कौतुकानं म्हणाला, "तुमीच आखलंय न्हवं? झ्याक आखलंय बघा. एक इंच हिकडं-तिकडं केलं न्हाय." भट्टीच्या कामात फक्कीनं चौकट आखतात ती उकरायच्या मातीला. आतलं काढायचं, बाहेरचं ठेवायचं. त्याच्या दृष्टीनं त्यानं माझं काम माझ्याइतक्याच चोखपणे केलं होतं. मी मातीच्या ढिगाकडं गेलो. पिसांची एक गादी वरच होती. बाकी काय होतं ते लिहीत नाही. त्याआधीच्या रविवारी चौसष्ट चालू बिळं होती, आणि बहुतेकांत पिल्लं.

त्या दिवशी मी वहीत लिहिलं, "दरड कोसळली. वस्ती संपली." अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं. संध्याकाळी भट्टीवाला लग्नाहून आला, खड्ड्याच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या माणसानं घोळ केला, माफी असावी. मी मान हलवली. म्हणजे माफ केलं.

पुढं पावसाळा गेला, पुरानं खड्ड्याच्या सरळ कडा धुऊन नेल्या, आणि बाईंनी मंडळाची बैठक बोलावली. पाकोळ्या परतल्या होत्या, कापलेल्या जागेच्या थोडं वरच्या अंगाला नवी बिळं पाडायला लागल्या होत्या. बाई म्हणाल्या, आपल्या वहीवरून दिसतंय की धोका भट्टीचा नाहीच, दरडच ठिसूळ आहे. तेव्हा भट्टीवाल्याला यंदा त्रास द्यायला नको, दरडीवर वाळ्याचं गवत लावू, मुळं माती धरून ठेवतील. रोपं टेम्पोत भरूनही झाली होती. मिस्त्री, वाळ्याची मुळं पुरुषभर खाली जातात. त्या जाळ्यात कुठलीच पाकोळी बीळ पाडू शकणार नाही. आणि भट्टीवाल्याशी कुणी बोललं नाही तर तो नवा तुकडाही पौषात विटा होऊन जाणार. दोन्हीकडनं मरण, आणि कारण माझी एक ओळ.

मी बाईंना बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि सांगितलं. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हणजे दरड कोसळली नव्हती?" "नाही. मीच आखून दिली होती."  मग बाई म्हणाल्या, "तुमच्या आकड्यांवर मी कधी दुसरा माणूस नेमला नाही." मला वाटलं आता वही परत घेतील. त्यांनी घेतली नाही, माझ्यापुढं उघडून ठेवली आणि पेन दिलं. मी ती ओळ एका रेघेनं खोडली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी झालं ते लिहिलं. रोपं परत गेली. आता दर रविवारी बाई स्वतः माझ्या शेजारी दुसरी वही घेऊन बसतात. पहिल्या रविवारी त्यांची दोन बिळं माझ्यापेक्षा जास्त भरली. मी आरसा लावून बघितलं. त्यांचं बरोबर होतं.

भट्टीवाल्याकडंही गेलो. चूक तुमच्या माणसाची नव्हती म्हणालो. तो विटांच्या थरावर बसला होता. म्हणाला, "रेघ मी त्याच सांजंला बघितलती की. म्हटलं तुमी आदीच लई खचलाय, ऱ्हाऊंदे." यंदाही त्यानं तुकडा सोडलाय, गेल्या सालपेक्षा मोठा.

आता एक राहिलं, ते बाईंना सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी मी ते माझ्यावर सोडा म्हणालो तेव्हा भट्टीवाला आणखी एक वाक्य बोलला होता. फक्की मारू नका पावणं, काठ्या रोवून लाल फडकी बांधा, फडकं दिसलं की आमचा गडी तिथं हात लावत न्हाय. मी ऐकलं होतं. मनात म्हणालो, विटा पाडणाऱ्यानं मला मार्किंग शिकवायचं? फडकं वाऱ्यानं हलतं, त्याला माप कसलं. चौसष्ट बिळं त्या एका विचारात गेली, फक्कीत नाही.

यंदा मी काठ्या रोवल्या. बावीस काठ्या, बावीस लाल फडकी. परवा बाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, साधी पण फार चांगली युक्ती, कुणाची? भट्टीवाला शेजारीच उभा होता, नदीकडं बघत. मी म्हणालो, माझी. त्यानं वाकून एका काठीचं सुटलेलं फडकं पुन्हा बांधलं.

हा कागद कुठं टाकायचा नाही, टाकायला पत्ताही नाही. उद्या रविवार आहे, बाई आणि भट्टीवाला दोघंही दरडीवर असतील. युक्ती कुणाची ते सांगायचं ठरवलंय. पण ठरवलेलं मी परवापासून तीनदा पुढं ढकललंय, हेही तुम्हाला माहीत असू दे.