वर्ष अकरावं, म्हणजेच आठवं

जेबा.
आईराणी आणि तिच्या थोरल्या मुलाच्या राज्याचं वर्ष दहावं, सुगीचा शेवटचा महिना. सुगी पंचांगात आहे. अंगणात नदी आलीय.

तैबिसकडून धाकटा भाऊ फिलोटास यास.

तू धडधाकट असशील तर ते आमच्या मनासारखंच आहे. आम्हीही धडधाकट आहोत. ससाणा-देवापुढे रोज तुझ्यासाठी हात जोडते. देव विचारतो, फिलोटास कोण? मग मी सांगते, आमचा पेतेहार हो, अलेक्झांड्रियाला गेला नि ग्रीक झाला. तेव्हा कुठे त्याला ओळख पटते.

तुझं पत्र धान्याच्या नावेवरून आलं. कोल्लूथ नावाड्यानं ते छातीशी धरून आणलं, कारण वर राजाच्या कोठाराचा शिक्का होता. त्याला वाटलं, राजाचंच पत्र. मी म्हटलं, राजाचं नाही, राजाच्या कारकुनाचं आहे. म्हणजे जास्त जपून धरायला हवं.

तू लिहितोस की सेनेसिसचं लग्न ठरवलंय. राजवाड्याच्या पहाऱ्याचा नायक आन्द्रोक्लेस, त्याच्या मुलाशी. बाप म्हणून शब्द दिलाय, मुलगी पुढच्या नावेनं पाठवावी. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आत्या, बाबांनी मुलाचं नाव लिहिलंय का?" पुन्हा शोधलं. बापाचं नाव आहे, बापाचा हुद्दा आहे, अंगणाला खांब किती तेही आहे. मुलाचं नाव नाही.

ही पोर सहा वर्षांची असताना तिची आई गेली, आणि तू तिला माझ्या ओटीत घालून नावेत बसलास. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला मूल मिळालं, तुला अलेक्झांड्रिया मिळाली. घाट्यात कोण ते ज्याचं त्यानं बघावं. पण आता ती माझ्या मागावरची सगळ्यांत चांगली विणकरीण आहे. देवाची वस्त्रं अर्धी विणून झालीत नि नदी भरलेली आहे. अशात तिला कशी पाठवू?

आपला उत्सव नुकताच झाला. हाथोर देवी तिच्या गावाहून नावेत बसून इथं जेबाला आली, नवऱ्याच्या, म्हणजे आपल्या ससाणा-देवाच्या, देवळात पंधरवडाभर राहिली आणि पुन्हा नावेत बसून स्वतःच्या घरी गेली. दरवर्षी बघते मी. तिला कुणी पाठवत नाही, कुणी बोलावून घेत नाही. ती येते आणि ती जाते. यंदा गर्दीत सेनेसिसची चप्पल तुटली, ती पातूसनं दुरुस्त करून दिली.

पातूस म्हणजे देवळाच्या पाथरवटांचा मुकादम. आपण लहान असताना त्या देवळाचं काम चालू होतं, आबा लहान असतानाही चालू होतं. सध्या राजाच्या आकृती कोरताहेत: राजा शत्रूचे केस धरून उभा आणि डोक्यावर नावाच्या दोन लांबट चौकटी. पहिलीत टॉलेमी. ती डोळे मिटून कोरावी. दोनशे वर्षांत त्या घराण्याला मुलासाठी दुसरं नाव सुचलेलं नाही. दुसऱ्या चौकटीत गादीवर बसताना घेतलेलं नाव येतं, आणि त्यावरून कळतं की हा कुठला टॉलेमी. ती पातूस कोरी ठेवतो. मी विचारलं, "का रे, हिचं काय घोडं अडलंय?" तर म्हणतो, "आत्याबाई, दगड एकदाच कोरता येतो. राजे काय, येत राहतात."

पातूसनं आपली मागची भिंत लिंपून दिली. पातूस म्हणतो पूर बेताचाच राहील. पातूसला माझी खारवलेल्या मासळीची कालवणं फार आवडतात. तो सध्या इकडे बराच असतो.

नदी उतरू दे, मग बघू. प्रकृतीला जप, म्हणजे आमच्यावर मेहेरबानी होईल.

तुझी ताई
तैबिस


जेबा.
वर्ष अकरावं, म्हणजेच आठवं. हाथोरचा महिना.

तैबिसकडून भाऊ फिलोटास यास.

तू धडधाकट आहेस ना? हे नेहमीच्या चालीनं विचारत नाही. खरंच विचारतेय.

आधी तारखेचं. देवळाच्या लेखकानं सांगितलं की आजपासून अशीच घालायची. आईराणीचं अकरावं वर्ष आणि नव्या राजांचं, म्हणजे तिच्या धाकट्या मुलाचं, आठवं, कारण ते सायप्रस बेटावर बसल्या बसल्या आधीपासूनच मोजत होते. गादीवर येऊन पुरते तीन महिने नाहीत आणि आठवं वर्ष लागलं! पेरणीआधीच आठ पिकं कापून मोकळे.

तुझ्या दुसऱ्या पत्रावरून सगळं कळलं. आईराणीनं गावभर ओरडा केला की थोरला मला मारायला निघालाय. तुमचं शहर रस्त्यावर उतरलं. ज्या राजाला तुम्ही लाडानं हरभरा म्हणायचात तो मिळेल त्या जहाजात बसून पळाला. आणि आईराणीनं धाकट्याला आणून गादीवर बसवलं. आन्द्रोक्लेस हरभऱ्याबरोबर गेला. त्याचा मुलगाही गेला, नाव न सांगताच.

इथवर मी हळहळत वाचत होते. मग पुढची ओळ आली. तू सेनेसिससाठी नवीन स्थळ बघितलंस! धाकट्या राजांच्या मर्जीतला, भांडाराचा अधिकारी, "वयानं किंचित पोक्त". कोल्लूथनं त्याला पाहिलंय. तो म्हणाला, "ताई, किंचित म्हणजे काय सांगू, दोघं धरून उठवतात आणि तिघं धरून बसवतात. बसताना वजन जास्त होतं."

राजा बदलला म्हणून जावई बदलला. मुलगी तेवढी तीच ठेवलीस, याबद्दल आभारी आहे. आणि लग्नं कशी जुळवावीत हे मी तुझ्या अलेक्झांड्रियाकडून शिकायचं? जिथं आईराणीनं थोरल्याला बायको केलेली एक बहीण टाकायला लावली नि दुसरी करायला लावली, तिथून?

आता माझी बातमी. सेनेसिसचं लग्न झालं. पातूसशी.

त्यांचं जुळलंय हे मागच्या पत्रात लिहायचं राहून गेलं, असं म्हणणार होते. राहून गेलं नव्हतं. मी लिहिलं नाही. तू हुशार आहेस, मासळीच्या कालवणावरून ओळखशील असं वाटलं होतं.

देवळाच्या दारात लेखक पनूफिस बसतो ना, त्याच्यासमोर झालं. पातूसनं नेमाप्रमाणे म्हटलं, "मी तुला बायको केलं." पनूफिस हल्ली ग्रीकांची कामं करून करून बिघडलाय. बोरू थांबवून मला विचारतो, "मुलीतर्फे पुरुष कोण बोलणार?"

सेनेसिस म्हणाली, "काका, मला जीभ आहे. दाखवू?"

भोवतीचे हसले. पनूफिस चिडला. "तसं नव्हे ग, त्यांच्यात पालक लागतो."

"त्यांच्यात लागत असेल. मी आपल्यात लग्न करतेय. लिहा: सेनेसिस, पेतेहारची मुलगी, या माणसाला नवरा म्हणून मान्य करते. आणि तो नीट वागला नाही तर स्वतःच्या पायांनी घरी येते, हेही लिहा."

पातूस म्हणाला, "लिहा, लिहा. वाचून दाखवायची वेळ यायची नाही." मग आम्ही जवाची दारू प्यालो आणि मी जरा रडले, तेही मोजकं.

तारीख पनूफिसनं थोरल्या राजांच्या नावाची घातली. बातमी नदीवरून वर यायला वेळ लागतो. ती पोचली तेव्हा लग्न शिळं झालं होतं. पातूसची कोरी चौकट बघून पनूफिस हळहळला, "अरे, मीसुद्धा कोरीच ठेवायला हवी होती."

लेकीला आशीर्वाद पाठव. उशीर झाला तरी चालेल, आमच्याकडे सगळंच उशिरा पोचतं.

तुझी ताई
तैबिस


जेबा.
वर्ष अकरावं, म्हणजेच आठवं. उगवणीचा पहिला महिना.

तैबिसकडून तिचा भाऊ पेतेहार यास.

तू धडधाकट नाहीस, ते मला कळलंय. पण आधी तुझ्या कायद्याचं उत्तर देते, नाहीतर म्हणशील की ताईला उत्तर सुचलं नाही.

तुझं पहिलं म्हणणं: करारावर ज्या राजाचं नाव आहे तो त्या दिवशी राजा उरलाच नव्हता, म्हणून करार रद्द, लग्न रद्द, मुलगी पाठवा. छान आहे. मी पनूफिसला वाचून दाखवलं, तो पांढरा पडला. पातूसनं हातातला छिन्नी-हातोडा खाली ठेवला. सेनेसिसनं मात्र विणता विणता विचारलं, "आत्या, त्याच आठवड्यात राजाच्या वाट्याचं कापड कुणाच्या नावानं गेलं ग?"

कुणाच्या म्हणजे? हरभऱ्याच्या! तुमचे कारकून इथं घाटावर उभे राहून आमचं तलम कापड आणि कोठारातलं धान्य घेऊन गेले. पावतीवर तोच राजा, तेच वर्ष. तिकडे ते उतरवून घेतलं कुणी? राजाच्या कोठारातल्या फिलोटास नावाच्या कारकुनानं. तेव्हा असं करू. त्या दिवसांतलं सगळंच रद्द धरू. धान्य परत पाठव, कापड परत पाठव, मग मुलीचं बघू. कापड आईराणीच्या अंगावर असेल तर ते उतरवून घ्यायची जबाबदारी तुझी.

आणि ग्रीक न्यायाधीशांची भीती मला घालू नकोस. ह्या राजांच्याच बापानं हुकूम काढलाय: करार ज्यांच्या भाषेत, निवाडा त्यांच्याच न्यायासनापुढे. आमचा करार आपल्या भाषेत आहे. आपले न्यायाधीश देवळाच्या दारात बसतात, पनूफिसपासून हाकेच्या अंतरावर, आणि तिघांच्याही बायका माझ्याकडून सूत नेतात.

दुसरं म्हणणं: करारात "पेतेहारची मुलगी" लिहिलंय, आणि पेतेहार नावाचा माणूस अस्तित्वातच नाही.

हे मात्र मला कायद्याचं वाटलं नाही, भ्यालेल्या माणसाचं वाटलं. पत्र बाजूला ठेवलं. मग कोल्लूथला बोलावून समोर भाकरी, कांदा, दारू ठेवली आणि म्हटलं, खरं सांग. तो आधी म्हणाला, "सगळं ठीक आहे, ताई." मी दारूचा घडा मागे घेतला. मग बोलला.

तुझी जागा दुसऱ्याला दिली. हरभऱ्याच्या माणसांशी सोयरीक ठरवणारा म्हणून तुझं नाव कुणीतरी वर सांगितलं. तू बंदरावर एका माळ्यावर राहतोस आणि दिवसा बाहेर पडत नाहीस. तो पोक्त भांडारी सेनेसिसच्या बदल्यात तुला पाठीशी घालणार होता. तुझ्या ह्या पत्रावरचा कोठाराचा शिक्काही जुना होता, म्हणे. कोठार सोडताना खिळ्यावरून काढून आणलास.

ऐकताना माझ्या हातातून विणायचा धोटा सुटला. माझ्या हातातून धोटा सुटत नाही, तुला माहीत आहे.

हे तू लिहिलं नाहीस. मी पातूसचं लिहिलं नव्हतं. फिटलं.

सेनेसिसला सांगितलं. मला वाटलं चिडेल, तिला विकायला निघाला होता तिचा बाप. थोडी चिडली. "मला सरळ लिहायचं ना, बाबा अडचणीत आहेत म्हणून. लग्न केलं नसतंच, पण काहीतरी केलं असतं." मग मागावरचा तुटलेला धागा जोडला आणि म्हणाली, "ते येतील का, आत्या?" तिला दिवस गेलेत. मूल झालं की पनूफिस आजोबाचं नाव विचारील, आणि ह्या वेळी मी चौकट कोरी ठेवू देणार नाही.

इथली परिस्थिती सांगते, मग तू ठरव. पनूफिसची नजर गेलीय. देवळाला दोन्ही लिपी येणारा माणूस हवा आहे. रोजच्या भाकऱ्या, दारू, वर्षाला वस्त्रं. खांब नाहीत, पण छप्पर गळत नाही. कुठल्या राजाचा माणूस हे इथं कुणी विचारत नाही, कारण कुठला राजा हेच कुणाला नक्की माहीत नसतं. भिंतीवरचा तो अजूनही शत्रूचे केस धरून उभा आहे, बिननावाचा. पातूस म्हणतो, कुणीही आला तरी मापात बसेल.

मी काही तुझी वाट बघत नाही. मागची खोली झाडून घेतली ती वाळवी लागली होती म्हणून.

कोल्लूथ हे पत्र देऊन धान्य उतरवील आणि मग रिकामी नाव वर आणील. निघण्याआधी तो तिकडच्या घाटावर उभा राहून हाक मारणार आहे. फिलोटास म्हणून मारणार नाही. त्या नावाच्या गृहस्थाला मी ओळखत नाही, आणि त्याच्यासाठी नावेत जागाही नाही. कोल्लूथ मोठ्यानं "पेतेहार!" म्हणून ओरडेल, आपण नदीत लांब पोहत गेलो की आई ओरडायची तसा. मी त्याला तो सूर शिकवलाय. ओ दिलीस की झालं.

पेतेहारची थोरली बहीण,
तैबिस