लावेल मोझलीची वेळ

११ ऑक्टोबर

पर्ल बेंड कॉलेज. इथे मला कुणी पाठवलं नव्हतं, वाटेत होतं म्हणून थांबलो. कॉलेजची पोरं व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघासाठी पारखण्याचा हा माझा एकतिसावा हंगाम — आता नवं काही दिसेल अशी आशाच ठेवत नाही. आणि दिसलं!

बावीस नंबर. लावेल मोझली. सेफ्टी — सगळ्यांच्या मागे उभा राहणारा. त्याच्यामागे नुसतं गवत. तो हुकला की समोरच्यांचे गुण ठरलेलेच. तिसऱ्या सत्रात त्याने कोपऱ्यावरच्या पोराला खांद्याला धरून दोन पावलं डावीकडे सरकवलं, आणि चेंडू बरोब्बर तिथेच आला. याला कसं कळलं?

उकडलेल्या शेंगांनी पोट बिघडलंय. तरी खूश आहे.

१२ ऑक्टोबर

बचावाचे कोच बून यांच्याबरोबर सामन्याची फिल्म पाहिली. समोरच्यांनी टचडाउन करून गुण घेतले तिथे थांबवून विचारलं, ही चूक कुणाची? बून हसले. "लावेलला विचारा. तो म्हणेल माझी." आणि खरं? "खरं म्हणजे कोपऱ्यावरचा झोपला होता. पण आईची शपथ घातली तरी लावेल त्याचं नाव घेणार नाही."

मग लावेललाच भेटलो. हो साहेब, नाही साहेब, एवढंच बोलतो. कालच्या त्या दोन पावलांबद्दल विचारलं तेव्हा कळी खुलली. "त्यांचा फेकणारा उजव्या पायावर भार टाकून उभा होता, साहेब. आठवडाभर त्याची फिल्म बघतोय. असा उभा राहिला की आमच्या डावीकडेच फेकतो."

एकवीस वर्षांचं पोर. मला हे दिसायला लागेपर्यंत चाळिशी आली होती.

३ नोव्हेंबर

अहवाल पाठवला. दर्जा चांगला दिला. शेवटी एक ओळ स्वतःच्या मनातली लिहायची माझी जुनी खोड आहे, आमच्या संघाचे निवडप्रमुख हॅलोरनसाहेब यांना आवडो न आवडो. लिहिलं — "हा मागे असेल तर पुढचे दहा जण निर्धास्त खेळतील."

वेग मोजायचा राहिलाय. सगळं त्यावरच अडलंय.

१९ मार्च

पर्ल बेंडला मोजमापांचा दिवस. चाळीस यार्डांची धाव. वेगवेगळ्या संघांचे आम्ही अकरा पारखी रेषेवर घड्याळं घेऊन उभे. कुणी कुणाला आकडा दाखवत नाही, विचारतही नाही — आमच्या धंद्याचा रिवाजच आहे. मला ४.६० सेकंदांच्या आत हवा होता.

४.६९. दुसऱ्यांदा ४.७०.

लावेल लांबून माझ्याकडे बघत होता. मी टोपी सारखी करत बसलो. गाडीत बसून आकडा भरला, दर्जा खाली आणला. आता तो आपल्या यादीत राहत नाही.

जाता जाता दुसऱ्या संघाचा पिटमन म्हणाला, "काय व्हर्लन, पोरगं मस्त पळालं की!" मेल्याला चेष्टा सुचते.

२२ मार्च

घरी बायकोने, लोरीनने, भेंडीच्या लोणच्याची बरणी उघडायला दिली. उघडेना. अंगठा वळायलाच तयार नाही. तिने बरणी घेतली, उघडली, "मीच फार घट्ट लावली होती" म्हणाली.

जेवताना घास हातातच राहिला. पिटमन कधीच कुणाची चेष्टा करत नाही.

२३ मार्च

जुन्या धावांच्या फिती लावल्या, ज्यांत यंत्राची वेळ कोपऱ्यात दिसते. कोपरा कागदाने झाकला आणि माझं घड्याळ चालवलं. वीस धावा. विसाच्या वीस वेळा माझा आकडा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने जास्त!

घड्याळ सुरू करतो तर्जनीने. ती ठीक आहे. बंद करतो अंगठ्याने — तो उशिरा पोचतो.

म्हणजे लावेल ४.५९. पुरेसा वेगवान. आणि असे किती जण मी हळू ठरवले? शेजारच्याला एकदा विचारलं असतं तर केव्हाच कळलं असतं. पण विचारायचं नाही ना.

२४ मार्च

निवृत्तीला दोन वर्षं आहेत. ज्याचा अंगठा गेला त्याला कोण ठेवून घेणार? गप्प बसलो तर माझं काही बिघडत नाही. लावेलचं सगळं बिघडतं.

८ एप्रिल

निवडीच्या बैठकीत उभा राहून सांगितलं. "मोझलीचा आकडा चुकलाय. घड्याळ बरोबर आहे, माझा अंगठा गेलाय. माझे बाकीचे आकडेही तपासून घ्या." कुणी हसलं नाही. हॅलोरनसाहेब म्हणाले, "बस व्हर्लन, कॉफी गार होतेय." बस्स, एवढंच!

नोकरी जाईलसं वाटतंय. तरी वाटेत थांबून मासा आणि मक्याचा पाव पोटभर खाल्ला.

२६ एप्रिल

नव्या खेळाडूंच्या निवडीत पाचव्या फेरीला आपण लावेल मोझलीला घेतलं!

बूनचा फोन आला, मागे अख्खं गाव ओरडत होतं. मग लावेल फोनवर आला. "साहेब, त्या दिवशी तुम्ही टोपी सारखी करत बसलात. मला वाटलं, संपलं." म्हटलं, "मलाही तसंच वाटलं होतं, पोरा."

पहिलं वर्ष बाकावर बसेल. दुसऱ्या वर्षी मैदानात. आणि मग दहा वर्षं त्याला कुणी हलवत नाही. लिहून ठेवतो.

२७ एप्रिल

हॅलोरनसाहेबांचा फोन. राजीनाम्याचं बोलायला गेलो तर हसायला लागले. गेली तीन वर्षं माझ्या प्रत्येक आकड्यातून दहावा हिस्सा वजा करूनच वाचतात म्हणे. लोरीनने तेव्हा गुपचूप फोन करून अंगठ्याचं सांगितलं, मग त्यांनी ताडून पाहिलं. "आकडे यंत्रही देतं, व्हर्लन. आम्ही तुझी शेवटची ओळ वाचतो. पुढच्या हंगामात घड्याळ घरी ठेव."

तीन वर्षं माहीत आहे हिला. आणि लोणच्याची बरणी अजून आधी माझ्याच हातात देते.