न. म्हणजे नळ

४ सप्टेंबर, बुधवार

वन्सं आल्या. दोन बॅगा, तीन खोकी आणि एक छपाईचं यंत्र! महिनाभर मुक्काम. आंतरराष्ट्रीय परिषद भरवायची आहे म्हणे — 'शाश्वत विकासासाठी डिजिटल तंत्रज्ञान'. बावीस देशांची माणसं येणार. वन्सं मुख्य संयोजक. त्यांच्या कार्यालयाला रंग लावताहेत, म्हणून बावीस देशांची तयारी माझ्या बाहेरच्या खोलीत.

ह्यांना म्हटलं, मला आधी विचारायचं नाही का? म्हणाले, "अगं, माझी बहीण आहे. परकी आहे का?" परकी असती तर विचारलं असतंत! हे मनात म्हटलं.

शाश्वत! शाश्वत एक देव. बाकी सगळं येतं नि जातं — नणंद सोडून.

५ सप्टेंबर, गुरुवार

सहा माणसं. दुपारपर्यंत अठरा कप चहा. कप विसळायला दीड बादली गेली.

परिषद बिनकागदाची होणार आहे. हे ठरवायला आज त्यांनी कागदाचा अख्खा गठ्ठा संपवला! एकच बाजू छापायची नि चुरगळायचं. मी पाठकोरे कागद उचलून हाताने सरळ केले, दोऱ्याने शिवले. कालचं नि आजचं यावरच लिहिलं. पुढे 'उद्दिष्टे', मागे मी.

९ सप्टेंबर, सोमवार

जेवताना वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुझी ती पाण्याची वही अजून चालू आहे?"

घास हातातच राहिला. यांना वही कशी ठाऊक? कपाटात कपड्यांच्या खाली असते.

"एकोणीस वर्षांची नोंद! सोनं आहे गं ते. आमचं एक ॲप आहे, घरातल्या पाण्याचा हिशेब ठेवणारं. त्याला जुने, खरेखुरे आकडे हवेत. परिषदेत दाखवू."

नाही म्हटलं.

"अगं, मॅट्रिक झालेल्या बाईने एवढं केलं, लोकांना कळू दे की!"

बघा. कौतुकातसुद्धा मॅट्रिक घातलंच. वयाने मी सात वर्षांनी मोठी. पण त्या मला 'तू' म्हणणार नि मी त्यांना 'तुम्ही'. का, तर त्या घरातल्या. मी सव्वीस वर्षं बाहेरची.

१० सप्टेंबर, मंगळवार

वही का घातली ते एकदा लिहूनच टाकते.

एकोणीस वर्षांपूर्वी चार पाहुण्यांसमोर सासूबाई म्हणाल्या, "सुनेचा हात पाण्याला फार सैल." नळाला दिवसाआड पाणी, टाकीसकट सगळं घर मी भरणार, आणि हात माझा सैल! त्याच संध्याकाळी वही घातली. रोज कोणी किती बादल्या वापरल्या. स्व. म्हणजे स्वतः. ह्यां. म्हणजे हे. सा. म्हणजे सासूबाई. न. म्हणजे नणंद. तोंडावर वन्सं, वहीत न.

एक दिवस ती सासूबाईंपुढे उघडायची होती. चारचौघांतच. कडक इस्त्रीतली बाई — बघू दे म्हटलं, सैल कोण ते! त्या गेल्या त्याला अकरा वर्षं झाली. वही उघडायची राहिलीच.

न.पुढे सहा वर्षं रोज तीन. रोज! पहाटे पाचला मी जपाला बसले की न्हाणीघरात यांचं सुरू. बादली भरत आली की आवाज बारीक होत जातो. एक. दोन. तीन. माळ ओढता ओढता मी बादल्या मोजल्या. देवाला माहीत आहे, त्याची माफीही मागून झाली. पण जपातून मध्ये उठायचं नाही हा माझा नियम. नाहीतर कधीच जाऊन दार वाजवलं असतं! सहाला उठून बघावं तर गच्चीवर चादरी वाळत. रोजच्या रोज चादर धुवायची — मोठी स्वच्छतेची पुतळी! सासूबाईंच्या खोलीत झोपायच्या, त्यांच्या लाडक्या. लेकीच्या तीन बादल्या दिसल्या नाहीत. सुनेची एक दिसली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

वही जागेवर नाही.

ह्यांनी दिली! "दोन दिवसांसाठी मागितली गं तिने. पाण्याचे आकडे तर आहेत, त्यात लपवण्यासारखं काय?"

आजपासून अबोला. चहा मिळेल. शब्द मिळणार नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

हसावं का रडावं.

समितीत एक चष्मेवाला आहे. आकड्यांचा माणूस. माझी वही त्याने संगणकात घातली. आज मला बोलावून पडद्यावर एक रेघ दाखवली — सहा वर्षं वर, मग धाडकन खाली.

"काकू, नळ कधी दुरुस्त केलात?"

कुठला नळ? माझ्या घरातला एक नळ कधी थेंबभर गळलेला नाही! वायसर मी स्वतः बदलते.

"हा काय. न. म्हणजे नळगळती. रोज तीन बादल्या. सा. म्हणजे साफसफाई. स्व. म्हणजे स्वयंपाक. ह्यां. काही लागलं नाही, म्हणून ते 'इतर'मध्ये टाकलं."

ह्यांना 'इतर' केलं! तेवढं एक बरोबर आलं.

मी वन्संकडे पाहिलं. आता बोलतील, मग बोलतील. त्या हातातले कागद चाळत राहिल्या. म्हणाल्या, "जुनी गोष्ट आहे, तिला आठवत नसेल. पुढे चल."

चष्मेवाला म्हणतो, "पण गळती एका दिवसात थांबली बघा." तारीख वाचली. सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची. तेव्हाही माझ्या ध्यानात आलं होतं — वन्सं पुढे चार महिने इथेच होत्या, मग नोकरीला गेल्या, पण ते चार महिने एकच बादली. म्हटलं होतं, चला, दुःखाने का होईना, हात आखडला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

फलक छापून आला. माझ्या उंचीचा. 'एक गळका नळ : एका घराची सहा वर्षं'. खाली माझ्या अक्षराचा फोटो! कपड्यांच्या खाली ठेवलेलं माझं अक्षर.

अध्यक्ष बघायला आले. फुगलेले, घामाघूम. म्हणाले, "बाई, तुम्ही तर आमच्या परिषदेचा चेहरा! एका साध्या गृहिणीच्या दुर्लक्षातून जगाला केवढं शिकता येतं." वर म्हणाले, "उद्घाटनाला उभं राहून दोन शब्द बोला. कोणी काही विचारलं तर सांगा."

दुर्लक्ष! भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालणारी मी. हात धुताना साबण लावेपर्यंत नळ बंद ठेवणारी मी. बावीस देशांत आता गळक्या नळाची बाई. वर सासूबाई हसत असतील — म्हणत नव्हते, हात सैल!

२१ सप्टेंबर, शनिवार

बोलणार. दोन शब्द मागितलेत ना? तीनच सांगते — "न. म्हणजे नणंद." मुख्य संयोजक समोरच बसलेल्या असतील, गळ्यात नावाची पट्टी घालून. पाणी वाचवा म्हणून बावीस देश गोळा केले नि स्वतः रोज तीन बादल्या!

सूड नाही हा. खरं बोलणं आहे. खोटं बोलणं पाप, नि गप्प बसणं त्याचा सख्खा भाऊ. देवापुढे बसून हे तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा जरा बरं वाटलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पाण्यावरच्या चर्चेसाठी बाटलीबंद पाण्याची साठ खोकी माझ्या जिन्यात! देव बघतो आहे. मीही बघते आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

अबोला मोडावा लागला. ह्यांना सांगितलं, परवा मी काय बोलणार ते.

चेहरा उतरला. "अगं, तिचं सगळं करिअर... घरातलं असं बाहेर काढू नये."

"वही बाहेर कोणी काढली?"

उलट मलाच म्हणाले, "तू माझ्या बहिणीच्या बादल्या मोजत होतीस? सहा वर्षं? जप करताना?"

तेवढंच बरं ऐकू आलं!

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी वन्सं एकट्याच, पाहुण्यांच्या नावांच्या पाट्यांत पट्ट्या ओवत बसल्या होत्या. म्हटलं, पाठीमागून वार नको. समोर उभी राहून सांगितलं — "उद्या मला उभं केलंत तर मी सांगणार. न. म्हणजे नळ नाही. न. म्हणजे नणंद. तीन बादल्या तुमच्या."

हातातली पट्टी ओवून झाली. मग म्हणाल्या, "ते मला पहिल्याच पानाला कळलं, वहिनी."

"मग त्या चष्मेवाल्याला का नाही सांगितलंत? बावीस देशांत माझी अब्रू —"

"काय सांगायचं होतं त्याला?"

"खरं!"

त्या खिडकीकडे बघून बोलायला लागल्या. "चादरी आईच्या होत्या. रोज रात्री ओल्या. कधी कधी त्याहून वाईट. तू जपाला बसलीस की आम्ही सुरू करायचो. वहिनी मध्ये उठत नाही, हे आईला माहीत होतं. आधी तिला धुवायचं, मग चादर. कितीदा दोन बादल्यांत बसवून पाहिलं गं. नाही व्हायचं."

म्हटलं, मला का नाही सांगितलंत? सून होते मी. मी केलं नसतं का?

"केलं असतंस. आईलाही ते ठाऊक होतं. पण माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली तिने. म्हणाली, 'तिची वही आहे. माझं हे तिच्या वहीत यायला नको.'"

म्हणजे सासूबाईंना वही ठाऊक होती.

मला वाटत होतं, दाखवायची राहिली.

"त्या पोराने नळ म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं," वन्सं म्हणाल्या. "तुझ्यावर आळ येतोय हे दिसत होतं. तरी गप्प राहिले. चुकलंच माझं. आता शपथ तर मोडलीच मी. उद्या तुला जे सांगायचं ते सांग, मी अडवणार नाही."

आणि पुढची पट्टी घेतली. मीही बसले. दोघींनी मिळून राहिलेल्या सगळ्या ओवल्या.

संध्याकाळी माळ हातात घेतली. पहिल्याच मण्याला कानात बादली भरायला लागली. ठेवून दिली.

उद्या काय बोलू?

२८ सप्टेंबर, शनिवार

उभी राहिले. परदेशातल्या एका पाहुणीने काही विचारलं. दुभाष्या म्हणाला, "बाई विचारताहेत — इतका बारीक हिशेब ठेवलात, मग सहा वर्षं नळ तसाच का राहू दिला?"

वन्सं पहिल्या रांगेत. मान खाली.

मी म्हटलं, "आवाज रोज ऐकू यायचा. मी जपाला बसलेली असायचे. उठले नाही."

बावीस देश हसले.

हसू देत. न. म्हणजे नळ.