साळूच्या गाण्याची सोळा पानं

सांगली, २६ जुलै १९४५
छापखान्याचा चांदसाहेब हो म्हणाला! एकदाचा! सोळा पानं, दोन रंग, दगडावरची छपाई. कागदाची एवढी ओढाताण असताना गडी तयार झाला. बावीस वर्षं शाळेत पोरांना माठ आणि केळी काढायला शिकवली, आता पहिल्यांदा माझी चित्रं छापून येणार.

गाणं साळूचं. हादग्याला आमच्याकडे घरोघर पोरी म्हणतात —
साळू निघाली सासरी गं, आडवा आला ओढा,
ओढ्यानं दिला साळूला गं पायातला तोडा.
साळू म्हणजे साळुंकी. वाटेत ओढा, बांध, बाभळ, जे आडवं येईल ते तिला काहीतरी देतं. एका पानावर एक कडवं, खाली चित्र. हस्त नक्षत्र लागायच्या आत पुस्तक हातात पाहिजे.

२८ जुलै
घोटाळा! कडवी तेराच. बायकोला, रंगूला, सगळी येतात, तिच्याकडूनच उतरवून घेतली. मुखपृष्ठ धरून चौदा पानं झाली. दोन कोरी कशी सोडू? लेकीला पत्र टाकलं — हौसा, तुमच्या शिराळ्याकडं साळूची आणखी काही कडवी म्हणत असतील तर लिहून धाड.

९ ऑगस्ट
हौसाचं पत्र, नेहमीप्रमाणे शाळेच्या पत्त्यावर. सगळे खुशाल. पंचमीला पाठवणं जमणार नाही असं मामंजी म्हणतात, शिराळ्याच्या नागांसाठी घरात पाव्हणे यायचे आहेत. आणि खाली कडवं! —
साळू पोचली सासरी गं, आडवं आलं दार,
दारानं दिला साळूला गं पाठीवरती मार.
वा! असला खट्याळपणा लोकांच्याच गाण्यात सापडायचा. लगेच काढायला बसलो. दाराला मिशा काढल्या, दोन हात काढले, एका हातात काठी. साळू शेपूट वर करून पळतेय. वर्गात दाखवलं तर पोरं बाकावर लोळली.

घरी रंगूला पत्र वाचून दाखवलं. तिला अक्षरओळख नाही, ऐकते आणि पदर डोळ्याला लावते. दीड वर्ष झालं लेक माहेरी आली नाही. जावई जोतीराम फौजेत, ब्रह्मदेशात. रंगू म्हणाली, व्याही आकाराम पाटील लय कडक माणूस, पोरीची पत्रं म्हणे तोच वाचून पेटीत टाकतो. मी म्हटलं, शिस्तीचं घर आहे. कडव्याचं मुद्दामच सांगितलं नाही. छापून झाल्यावर दाखवीन, चकित होईल.

२ सप्टेंबर
दुसरं कडवं आलं. पानं भरली! पण अक्षर काय ते — कोंबडी नाचल्यासारखं. ड्रॉइंग मास्तरच्या लेकीनं असं लिहावं? उलट टपाली चांगली हजेरी घेतली.
साळू राहिली सासरी गं, आडवी आली रात,
रातीनं मोडला साळूचा गं उजवा हात.
साळुंकीला कसला हात! मी पंख काढला. रात म्हणजे एक काळी जाडी म्हातारी, पंख पिळतेय. फार झकास उतरलीय.

१४ सप्टेंबर
दगडावर सगळं उलटं काढायचं, डोळे गेले. चांदसाहेब शेवटची दोन पानं बघत म्हणाला, आमच्या पोरीला, ताहेराला, समदी कडवी येतात, ही कधी कानावर आली नाहीत. मी म्हटलं, गावागणिक गाणं बदलतं, तुला काय कळतंय! तो शाई लावत बसला.

२६ सप्टेंबर
आज हस्त लागलं. आज दुपारी पुस्तक घरी आणलं.

जे झालं ते लिहून ठेवतो.

रंगूला समोर बसवून पान पान उलटत म्हणून दाखवलं. तीही गुणगुणत होती. ओढा झाला, बाभळ झाली, हसली. दाराच्या पानावर तिनं माझा हात धरला. विचारलं, हे कुणाचं? हौसानं धाडलंय म्हटलं. कधी? ऑगस्टात. पुढचं पान तिनं स्वतः उलटलं. म्हणायला लावलं. मी म्हणून दाखवलं, तेही चालीवर! मग तिनं दोन्ही पत्रं मागितली. वाचता येत नाही, शेजारी शेजारी ठेवून नुसती बघत राहिली.

“आवं, हे डाव्या हातानं लिवलंय.”

मी सप्टेंबरचं पत्र उचलून ते अक्षर पुन्हा बघितलं.

“असलं गाणं कुटंच म्हनत न्हाईत. पोरीनं सांगावा धाडलाय. तुमी त्येचं चित्तर काडलं.”

देवा! दाराला मिशा काढल्या मी. मिशा! माझ्या पोरीला काठीनं मारताना दाखवून पोरांना हसवलं. आणि अक्षर वाईट म्हणून तिलाच झापलं! सासरा पत्र वाचतो म्हणून तिनं गाण्यात घालून लिहिलं. बापाच्या पुस्तकाचं काम म्हणून म्हातारा ते जाऊ देईल, एवढा विचार तिनं केला. आणि मी बायकोला सगळं पत्र वाचून दाखवलं, तेवढंच गाळून!

जेवण गेलं नाही. रंगू उद्याच्या वाटेसाठी भाकऱ्या थापतेय. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२८ सप्टेंबर
कालची हकीकत. पहाटेची शिराळ्याकडची, कोळशावर चालणारी मोटार धरली, पुढं दोन कोस चालत. मी म्हटलं, मी एकटा जातो. रंगू म्हणाली, तुमी चित्रं काडा. मग दोघं निघालो.

आकाराम पाटलांनी घोंगडं टाकलं, गूळपाणी मागवलं. हौसा तांब्या घेऊन आली — डाव्या हातात. पाव्हण्याला डाव्या हातानं पाणी! उजवा पदराखाली. तोंड असं सुकलेलं की मी आधी ओळखलंच नाही. पाटील हसत म्हणाले, माळ्याच्या शिडीवरनं पडली, धांदरट हाय जरा. मी तिच्या हातातला तांब्या घेतला. रंगू म्हणाली, लेकीला न्यायला आलोय. ते म्हणाले, अशी मधेच न्यायची रीत न्हाई, दिवाळीला बगू.

रंगूनं पिशवीतनं पुस्तक काढलं. मला माहीतही नव्हतं तिनं आणलंय ते! ते दोन्ही पानांवर उघडून तिनं पाटलांच्या मांडीवर ठेवलं.

“पाटील, अशी पाचशे छापल्यात. पोरी गावोगाव म्हनत्याल. दाराला आजून नाव दिलं न्हाई. देऊ का तुमचं?”

पाटलांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. मिशीवर बोटं गेली ती तिथंच राहिली. मग आतल्या बाजूला बघून म्हणाले, सुनंचं लुगडं बांधून द्या. दुपारच्या आत आम्ही तिघं वाटेला लागलो. पुढं रंगू, मागं मी.

३० सप्टेंबर
हाडवैद्य येऊन गेला. हाड वाकडं जुळलंय, पुन्हा मोडून बसवावं लागेल म्हणतो. ऐकून मी बाहेर जाऊन बसलो.

पोर सारखी झोपते. जागी झाली की खाते. पाठ मी बघितली नाही, रंगूनं बघू दिली नाही.

संध्याकाळी हौसा म्हणाली, “आबा, मला वाटलं तुमी आईला वाचून दाखवशीला.” रागानं नाही. सहज म्हणाली. यापेक्षा तिनं मला काहीही म्हणायला हवं होतं.

३ ऑक्टोबर
चांदसाहेबाला सगळं सांगितलं. मान खाली घालून म्हणाला, मास्तर, मी त्या दिवशी आणखी बोलायला पाहिजे होतं. दोष त्याचा कसला! पाचशेच्या पाचशे प्रतींतून ती दोन पानं काढू म्हणाला, कापायला सुरीही घेतली. घरी येऊन हौसाला विचारलं. राहू द्यात म्हणाली, कुणाच्या तरी आईला कळंल.

पानं ठेवली. दाराच्या मिशा मात्र मी बसून दगडावरनं घासून काढतोय. पुढच्या छपाईत हसण्यासारखं काही राहणार नाही.

५ ऑक्टोबर
दुपारी रंगू हुलगे निवडत होती. धीर करून विचारलं, तुला एका नजरेत कसं उमगलं? सुपातली नजर न काढता म्हणाली, “मी बी माहेरी धाडलं हुतं एक कडवं. ह्याच घरातनं, लग्नाच्या दुसऱ्या वर्साला, कासारणीच्या तोंडी. बा ऐकून लय हसला म्हनं.”

कुणाविषयी होतं, ते मी विचारलं नाही. त्या साली या घरात तिच्याखेरीज माझी आई आणि मी, दोघंच तर होतो.