शंभर मीटरचे दगड

दि. ४ सप्टेंबर

ती. अक्कास,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि. (साष्टांग मनातल्या मनात, गुडघ्यांची परवानगी नाही.)

आमचं नदीकाठचं उद्यान एकदाचं उघडलं. आठ महिने अख्ख्या वस्तीने झुडपं तोडली, चिखल उपसला आणि फावल्या वेळात भांडणं केली. आता तिथे होड्यांची शेड आहे, कयाक आहेत, पायाने चालवायच्या होड्या आहेत आणि काठाकाठाने तीन किलोमीटरची पायवाट आहे. ती पायवाट माझी. दर शंभर मीटरला एक पांढरा दगड, असे तीस दगड मी एकट्याने मोजून बसवले. जानेवारीत शेडपासून सुरुवात केली, ऑगस्टमध्ये पुलापाशी संपवलं. समितीने टेप आणून दिली होती, ती मी न उघडता परत केली. मोजणी खात्यात छत्तीस वर्षं घालवलेल्या माणसाचं पाऊल पाऊण मीटरचं असतं. एकशे तेहतीस पावलं टाकली की शंभर मीटर, विषय संपला. आमचे साहेब मोजणीच्या साखळीवर शंका घ्यायचे, माझ्या पावलावर नाही.

लोक खूश आहेत. आमचा दंतवैद्य रोज सकाळी पायवाटेवर पळतो. साठीत आपला वेग वाढला, हे तो दाढ उपटतानाही पेशंटला सांगतो म्हणे. समितीच्या अध्यक्ष मुख्याध्यापिकाबाईंचं मत असं, की नदीच्या हवेतच काहीतरी आहे.

तू ये. दोघांच्या कयाकमध्ये बसू. तुला पाण्याची भीती वाटते हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, फक्त समितीला सांगितलंय. अक्षर बारीक आलंय, ती कागदाची बचत समज.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा पुरे.
तुझा धाकटा

दि. ११ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र भिंग लावून वाचलं. सुनेला वाटलं मी सुईत दोरा ओवतेय.

पुढच्या शनिवारी येते. चार दिवस दुकान सून बघेल. शाळेचे गणवेश आता तीच माझ्यापेक्षा सफाईने शिवते, पण हे तिला कळवू नकोस. माझ्या छातीचा घेर एकेचाळीस इंच आहे, तो होड्यांच्या शेडमध्ये आधीच कळव. सैल लाइफ जॅकेटमधून खाली घसरून बुडालेली शिंपीण म्हणून मला प्रसिद्ध व्हायचं नाही. आणि माझी भीती जाहीर केल्याबद्दल तुझा कान तिथे आल्यावर पिरगाळण्यात येईल.

आशीर्वाद वर दिलेच आहेत, पुन्हा मागू नयेत.
अक्का

दि. २९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. कान पिरगाळायचा राहिला, कारण कयाकमध्ये दोन्ही हातांनी काठ धरून बसले होते. शिकवणाऱ्या मुलीने सरळ जायला सांगितलं आणि आपण तीनदा उजवीकडच्या लव्हाळ्यात घुसलो. तू माझ्या वजनावर खापर फोडलंस, तेही सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात. मी तेव्हा गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर किंचाळलेच असते. पण मी मधोमध बसले होते. तुझं उजवं वल्हं पाण्याला नुसतं शिवून परत येत होतं, हे मी मागून पाहिलं.

आता पुढचं शांतपणे वाच. सोमवारी तू झोपला होतास तेव्हा मी बाजारातून नाडीची गुंडी आणली. तुझ्या व्हरांड्यात टेप लावून दहा मीटरची नाडी कापली आणि पायवाटेवर गेले. एक टोक खुंटीला बांधायचं, दुसरं ताणायचं, पुन्हा खुंटी उपटायची. दोन कुत्री आणि तुझा दंतवैद्य मला वळसा घालून गेले. शेडजवळच्या पहिल्या दोन दगडांमध्ये बरोबर दहा नाड्या भरल्या. वीतभरही फरक नाही. तुझं कौतुक वाटलं. मध्यावर, तू एप्रिलमध्ये बसवलेल्या दगडांत, नववी नाडी पुरती ताणलीच गेली नाही. आणि पुलाजवळच्या शेवटच्या दोन दगडांमध्ये सात नाड्या आणि वर दोन मीटर. म्हणजे तुझे शंभर मीटर बहात्तरचे आहेत.

पायवाट गेली खड्ड्यात. दंतवैद्याचा वेगही गेला खड्ड्यात. तू आठही महिने एकशे तेहतीसच पावलं मोजलीस, मोजण्यात तू चुकणार नाहीस. मग पाऊल आखूड झालंय. शर्टाची बटणं लावायला तुला किती वेळ लागतो ते मी पाहिलं, आणि अक्षर तर पत्रागणिक मुंगीएवढं होत चाललंय. काही तरी होतंय तुला, आणि मला त्याची भीती वाटते, पाण्यापेक्षा जास्त.

पंधरा दिवसांत डॉक्टरकडे जा. नाही गेलास तर मुख्याध्यापिकाबाईंना दगडांचा हिशेब नाडीसकट पाठवते. ही धमकीच आहे, उगीच विनंती समजू नकोस.

अक्का

दि. ६ ऑक्टोबर

ती. अक्कास,
नमस्कार, तोही कोरडा.

पाहुणी म्हणून बोलावलं आणि तू घरात झडती घेतलीस. नाडी ताणली की लांबते, हे शिंपिणीला मी सांगायचं का? शिवाय पायवाट वळणाची आहे. शिवाय पोरं दगड हलवतात. मला काहीही झालेलं नाही, मी घोड्यासारखा आहे. उद्याच समितीची टेप आणतो आणि तुझं तोंड कायमचं बंद करतो.

तुझा (सध्या नाइलाजाने) धाकटा

दि. २ नोव्हेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

टेप आणली. बहात्तर मीटर आणि वर चार बोटं. चार बोटं तू खाल्लीस, हे नोंदवून ठेवतो.

मी टेप गुंडाळली. मग डॉक्टरकडे गेलो. आपल्या सुनेच्या वयाची बाई आहे. तिने मला कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, माझं नाव दहा वेळा लिहायला लावलं. दहावं तिलाही भिंग लावून वाचावं लागलं. कंपवात आहे म्हणाली. माझा हात थरथरत नाही, असं मी तिला सुनावलं. तर म्हणाली, प्रत्येकाचा थरथरत नाही, काहींचा नुसता मंदावतो. गोळ्यांनी बराच फरक पडेल, रोज चालायचं, वल्हवायचंसुद्धा. पूर्ण बरं होईल का असं विचारलं, तेव्हा तिने नाही म्हणून सरळ सांगितलं. मला ती आवडली.

समितीत मी स्वतःच उभा राहिलो. तुला ते श्रेय मिळू द्यायचं नव्हतं. दगड चुकलेत, कारण मी आजारी आहे आणि मला ते कळलं नाही, एवढं बोललो. सगळे खाली बघत बसले. दंतवैद्य तेवढा वर बघत होता, बिचारा मनात आपले सगळे विक्रम पुसत असावा. मग तोच म्हणाला, की दगड आहेत तिथेच राहू द्या, आपला मीटरच आखूड समजू. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला बसवलं. दगड पुन्हा लावायचे आणि ते मीच लावायचे, असं ठरलं.

पावलांनी मोजायला मी एकटा पुरत होतो. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं. समितीत माणसं पुष्कळ आहेत आणि सगळ्यांनी हात वर केले. मी थांबा म्हणालो. अक्का, संध्याकाळी घरात बटणं काढताना मला भीती वाटते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, समितीलासुद्धा नाही.

लोभ वाढवलास तरी चालेल.
तुझा धाकटा

दि. ७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने येते. दुकानाच्या किल्ल्या सुनेला दिल्या. शिलाई मशीन सामानात टाकलंय, स्टेशनवर दोन हमाल सांगून ठेव. परतीचं तिकीट काढलेलं नाही. त्यावर वाद घालायचा असेल तर आधी टेपचं टोक धरायला शीक.

अक्का